कटऑफ घरभाड्यात असतो: एकाच डिस्ट्रिक्टमधल्या हायस्कूलांची तुलना कशी वाचायची

"ताई, दोन घरं बघितली. एक रस्त्याच्या अलीकडे, एक पलीकडे. पलीकडच्याचं भाडं महिन्याला सातशे डॉलरनी जास्त आहे, पण तिकडची शाळा दहापैकी दहा आहे. अलीकडची सातच. पलीकडचं घेऊन टाकू का?"

मावसभावाचा फोन. कंपनीने पुण्याहून कॅलिफोर्नियात बदली केलेली, मुलगी आठवीत, येत्या ऑगस्टपासून नववी, म्हणजे इथलं हायस्कूल. सिलिकॉन व्हॅलीत काही वर्षं काढली की असे फोन ठरलेलेच. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. मी मात्र अर्धा तास बोलत बसते. तो अर्धा तास या वेळी लिहूनच काढला.

उदाहरणाला एकच डिस्ट्रिक्ट घेते, कारण आपली मंडळी तिथे भरपूर आहेत आणि गोंधळही भरपूर आहे: फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट. गोंधळ नावापासूनच सुरू होतो. फ्रीमाँट नावाचं शहर खाडीच्या पलीकडे आहे आणि त्याचा या डिस्ट्रिक्टशी काही संबंध नाही. हा डिस्ट्रिक्ट क्युपर्टिनो आणि सनीव्हेल या दोन उपनगरांचा, शिवाय सॅन होजेच्या पश्चिम टोकाचा आणि आजूबाजूच्या काही तुकड्यांचा. त्यात नववी ते बारावीची पाच नेहमीची हायस्कूलं आहेत: सनीव्हेलमधलं फ्रीमाँट (सगळ्यात जुनं, १९२० च्या दशकातलं), क्युपर्टिनो (१९५८), होमस्टेड (१९६२), लिनब्रुक (१९६५) आणि मोंटा व्हिस्टा (१९६९). ॲपलचे दोघे स्टीव्ह, जॉब्ज आणि वॉझ्निअॅक, होमस्टेडचे. पण घर शोधणाऱ्यांच्या तोंडी नावं असतात ती लिनब्रुक आणि मोंटा व्हिस्टाची.

डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे

डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषद येते. इथला स्कूल डिस्ट्रिक्ट ही वेगळीच चीज आहे. शाळा चालवणं एवढ्या एकाच कामासाठी असलेली ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचं मंडळ लोक निवडून देतात, मालमत्ता कराचा काही भाग थेट तिच्याकडे येतो, आणि तिच्या हद्दी गावाच्या हद्दींशी जुळतीलच असं नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. या पाचही शाळा एकाच मंडळाच्या, एकाच सुपरिंटेंडेंटच्या हाताखाली. शिक्षकांचं वेतनपत्रक एकच: शिक्षण किती आणि नोकरीची वर्षं किती यावर पगार, शाळा कोणती यावर नाही. हायस्कूल पूर्ण करायला लागणारे विषय तेच आणि सुट्ट्यांचं वेळापत्रकही तेच. श्रीमंत वस्तीचा कर त्या वस्तीच्या शाळेला, असाही हिशोब नाही. कर डिस्ट्रिक्टच्या तिजोरीत येतो आणि तिथून वाटला जातो. फरक उरतो तो पालकांच्या देणग्यांचा. बँड, रोबोटिक्स, वादविवादाचा चमू यांच्या मागे पालकांची मंडळं पैसे उभे करतात, आणि ते कुठे सहज जमतात, कुठे भेळेचे स्टॉल लावून जमवावे लागतात.

मालक एक, पगार एक, अभ्यासक्रम एक. तरी एक शाळा दहा आणि एक सात, हे कसं?

हद्दीची रेघ

मूल कोणत्या शाळेत जाणार हे तुमच्या घराचा पत्ता ठरवतो. प्रत्येक शाळेची एक हद्द आखलेली असते. त्या हद्दीत राहता हे सिद्ध करायला भाडेकरार, विजेचं बिल, मालमत्ता कराची पावती मागतात, आणि हा डिस्ट्रिक्ट त्या बाबतीत कडक आहे. आत्याचा पत्ता लावून प्रवेश घेण्याची दादर-पार्ल्याची युक्ती इथे करू नये.

मुलाची परीक्षा कोणी घेत नाही. मुलाखत नाही, देणगी नाही, टक्केवारी नाही. कागदोपत्री ही सगळ्यांना खुली सरकारी शाळा. पण त्या हद्दीत राहायला लागतात पैसे. क्युपर्टिनोत स्वतंत्र घर घ्यायचं तर सहज वीस लाख डॉलरच्या वर जातं. ते परवडणारं घर कसं असेल याचा अंदाज करा: बहुधा दोघं कमावते, दोघांच्या पदव्या, बऱ्याचदा अभियांत्रिकीच्याच. घरात पुस्तकं, शनिवारी गणिताचा क्लास, जेवणाच्या टेबलावर कोडिंगच्या गप्पा.

आपल्याकडे नामांकित कॉलेजची अकरावीची यादी ९४ टक्क्यांना बंद होते आणि दोन वर्षांनी त्या कॉलेजचा बारावीचा निकाल ९९ टक्के लागतो, तेव्हा कुणीतरी शहाणा म्हणतोच, "अहो, घेतलीच तशी मुलं!" इथेही तोच शहाणपणा लागतो. फरक एवढाच की इथला कटऑफ गुणपत्रिकेवर दिसत नाही, घरभाड्यात असतो.

फ्रीमाँट हायस्कूलच्या हद्दीत सनीव्हेलच्या जुन्या भाड्याच्या इमारती येतात. तिथे लॅटिनो कुटुंबं जास्त, उत्पन्न कमी, घरात स्पॅनिश बोलणारी मुलं जास्त. काहींच्या घरातून कॉलेजला जाणारं ते पहिलंच पोर. त्याच शाळेत अभियंत्यांची मुलंही आहेत. पण सरासरी काढताना सगळी एका पातेल्यात.

मग हे दहापैकी आकडे कोण देतं?

घरं दाखवणाऱ्या झिलोसारख्या संकेतस्थळांवर घराच्या फोटोंखाली शाळेचा आकडा दिसतो. तो ग्रेटस्कूल्स या ना-नफा संस्थेचा. सरकारचा नाही. राज्याच्या परीक्षेचे निकाल, कॉलेजची तयारी, गरजू गटांतल्या मुलांची कामगिरी अशा गोष्टी एकत्र करून राज्यातल्या इतर शाळांच्या तुलनेत एक ते दहा आकडा काढतात. २०२० मध्ये त्यांनी सूत्र बदललं आणि कित्येक शाळांचे आकडे खालीवर झाले. शाळेत तेच शिक्षक, तीच बाकं.

दुसरी यादी यू.एस. न्यूज या प्रकाशनाची. तिच्यात मोठं वजन एपी किंवा आयबी परीक्षांना. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा विषय घेऊन मे महिन्यात परीक्षा द्यायची, गुण एक ते पाच. उरलेलं वजन राज्याच्या परीक्षा, हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वगैरेंना.

कॅलिफोर्निया सरकारचं स्वतःचं मोजमापही आहे. १९९९ पासून २०१३ पर्यंत ते शाळेला २०० ते १००० मधला एक आकडा द्यायचे. ८०० हे लक्ष्य. लोकांनी त्याचं काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. घरांच्या जाहिरातीत बेडरूमच्या संख्येशेजारी तो आकडा छापला जाऊ लागला. सरकारने शेवटी तो बंद केला आणि २०१७ पासून निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग आणले, प्रत्येक बाबीला वेगळा. पाच रंगांची बेरीज करता येत नाही, त्यामुळे घरबाजारात खाजगी आकडाच चालतो.

या सगळ्यांच्या तळाशी मुख्य कच्चा माल एकच: राज्याची परीक्षा. ती तिसरी ते आठवी दर वर्षी होते आणि नंतर थेट अकरावीत. म्हणजे हायस्कूलच्या चार वर्षांत एकदाच, इंग्रजी आणि गणित. त्यातही पालकांनी लेखी कळवलं तर मूल परीक्षेला न बसलं तरी चालतं, आणि काही सधन गावांत अकरावीतली मुलं नेमकी एपीच्या धामधुमीत ही परीक्षा टाळतात.

आता या डिस्ट्रिक्टची खास गंमत. इथे बालवाडी ते आठवीच्या शाळा या डिस्ट्रिक्टच्या नाहीतच! मुलं मुख्यतः क्युपर्टिनो युनियन आणि सनीव्हेल या दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टांतून येतात, ज्यांची मंडळं वेगळी आणि तिजोऱ्या वेगळ्या. अकरावीच्या वसंतात परीक्षा देणाऱ्या मुलीला हायस्कूलने जेमतेम पावणेतीन वर्षं शिकवलेलं असतं. त्याआधीची नऊ वर्षं दुसऱ्यांनी, आणि त्याच्याही आधीपासून आईबापांनी. आकडा मात्र हायस्कूलच्या नावावर लागतो.

गावाकडे दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतात. ज्या गावात म्हशी जास्त, तिथलं फॅट सात. संकरित गायींच्या गावात साडेतीन-चार. मशीन अगदी बरोबर असतं. पण सात फॅट बघून "या केंद्राचा सचिव फार कर्तबगार" असं कोणी म्हणत नाही. शाळांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

सरासरी कशी फसवते, एक छोटं गणित

आकडे माझे, केवळ समजण्यासाठी. दोन शाळा, दोन्हींत अकरावीत ४०० मुलं. मुलांचे दोन गट पाडू: पहिल्या गटातल्यांचे आईवडील पदवीधर, दुसऱ्या गटातल्यांचे नाहीत.

टेकडीवरच्या शाळेत पहिल्या गटाची ३६० मुलं, दुसऱ्याची ४०. पहिल्या गटातली ९० टक्के पास, म्हणजे ३२४. दुसऱ्यातली ४५ टक्के, म्हणजे १८. एकूण ३४२ पास: ८५.५ टक्के.

सपाटीवरच्या शाळेत पहिल्या गटाची १६०, दुसऱ्याची २४०. पहिल्यातली ९२.५ टक्के पास, म्हणजे १४८. दुसऱ्यातली ५५ टक्के, म्हणजे १३२. एकूण २८०: ७० टक्के.

पुन्हा एकदा वाचा. सपाटीवरच्या शाळेत पदवीधरांची मुलंही जास्त पास आणि इतरांचीही जास्त पास. दोन्ही गटांत ती शाळा सरस. तरी एकूण टक्केवारीत ती साडेपंधरा टक्क्यांनी मागे, कारण गटांची वाटणीच वेगळी. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. तुमची मुलगी पहिल्या गटात मोडत असेल तर तिच्यासाठी ९० आणि ९२.५ यांची तुलना कामाची. ८५.५ आणि ७० तिच्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

खऱ्या शाळांत असंच होतं असा माझा दावा नाही. कधी दोन्ही गटांत टेकडीवरचीच शाळा पुढे निघते. पण ते गट वेगळे करून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि बघणं अवघड नाही. राज्याच्या परीक्षेचे निकाल शासनाच्या संकेतस्थळावर शाळावार आणि गटवार खुले आहेत, त्यात पालकांच्या शिक्षणानुसार वर्गवारीही आहे. पाच शाळा, अकरावी, "पालक पदवीधर" एवढं निवडा. दहा मिनिटांचं काम, आणि त्या दहा मिनिटांत दहा-सातमधली दरी बहुतेक वेळा बरीच आक्रसते.

हे काही नवं नाही. १९६६ मध्ये अमेरिकन सरकारसाठी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून जास्त मुलांची पाहणी केली. इमारती, ग्रंथालयं, खर्च यांतल्या फरकापेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचा गुणांशी संबंध फार जास्त, असं त्यात निघालं. त्यावर साठ वर्षं वाद चालू आहेत. चांगल्या शिक्षकाने फरक पडतो हे नंतरच्या संशोधनाने पक्कं केलं. पण चांगले आणि सुमार शिक्षक एकाच शाळेच्या शेजारशेजारच्या वर्गांत असतात, आणि शाळेच्या सरासरीत ते दिसत नाही.

"मग किती शिकवलं तेच मोजा की"

रास्त प्रश्न. सिंहगडावर एक जण पायथ्यापासून घाम गाळत चढला आणि दुसरा गाडीने वाहनतळापर्यंत गेला. वर दोघेही पिठलं-भाकरी खाताना दिसतात. कोण किती चढलं हे कळायला सुरुवात कुठून झाली ते माहीत हवं. यालाच शिक्षणक्षेत्रात वाढीचं मोजमाप म्हणतात: मूल आलं तेव्हा कुठे होतं, गेलं तेव्हा कुठे.

प्राथमिक शाळांत हे जमतं, कारण दर वर्षी परीक्षा असते. कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलला मात्र आठवीनंतर थेट अकरावी, मधली दोन वर्षं कोरी. त्यामुळे पालकांना सगळ्यात जास्त उपयोगी पडला असता तोच आकडा हायस्कूलसाठी धड उपलब्ध नाही. जे मोजता येतं ते छापलं जातं, आणि जे छापलं जातं त्यावर भाडं ठरतं.

"पण हुशार मुलांच्या संगतीचा फायदा असेलच ना?"

इथे भाऊ मुद्द्यावर आला. त्याचं म्हणणं, "आकडा शाळेचा नसेल, मुलांचा असेल. पण मला तीच मुलं हवी आहेत, माझ्या पोरीच्या बाकावर." खरं सांगायचं तर हा सगळ्यात प्रामाणिक युक्तिवाद आहे, आणि त्यात तथ्यही आहे. अभ्यास करणं ही जिथे चारचौघांसारखी गोष्ट असते तिथे मूल अभ्यासाला बसतं.

पण किती तथ्य? अब्दुलकादिरोलू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि न्यू यॉर्कच्या प्रवेशपरीक्षा असलेल्या नामांकित सरकारी शाळांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. (अँग्रिस्ट यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, ते अशाच प्रकारच्या कार्यकारण शोधणाऱ्या पद्धतींसाठी.) त्यांनी कटऑफच्या जरा वर असलेली आणि जरा खाली राहिलेली मुलं घेतली. म्हणजे कुवत जवळपास सारखी, एकाला नामांकित शाळा मिळाली आणि एकाला हुकली. नामांकित शाळेत बाजूला बसणारी मुलं कितीतरी हुशार. आणि परीक्षेच्या गुणांत फरक? जवळजवळ नाहीच. त्या शाळा वेगळ्या प्रकारच्या, मान्य. पण हुशार शेजाऱ्याचे गुण आपोआप आपल्या वहीत उतरत नाहीत एवढं त्यातून दिसतं.

उलट बाजूही बघा. आपण हिणवून म्हणतो, वासरांत लंगडी गाय शहाणी. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून हेच उलटून पाहिलं: सारख्याच कुवतीच्या दोन मुलांपैकी जे मूल फार हुशार मुलांच्या शाळेत जातं, त्याला स्वतःबद्दल "मला जमत नाही" असं वाटण्याची शक्यता जास्त. पुण्यात वर्गात पहिली-दुसरी येणारी मुलगी इथे नववीत येते, आणि वर्गातली अर्धी मुलं तिच्यापुढचं गणित आठवीतच करून आलेली असतात. ती तितकीच हुशार असते, पण तिला ते आता वाटेनासं होतं.

२००५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने याच मोंटा व्हिस्टा आणि लिनब्रुकबद्दल एक बातमी दिली होती आणि ती खूप गाजली. गोरी कुटुंबं या शाळांपासून दूर जात आहेत, कारण काय तर शाळा अभ्यासाच्या बाबतीत फार चुरशीच्या झाल्या आणि गणित-विज्ञानावरच सगळा भर. शाळेचे निकाल फार चांगले म्हणून घर सोडणारे लोक! त्यामागच्या वांशिक कारणांवर बरंच लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे, की "चांगली शाळा" या दोन शब्दांचा अर्थ एकाच गल्लीतल्या दोन घरांत वेगळा निघतो.

"कॉलेजच्या प्रवेशाला तर नाव लागतंच"

आपल्या मंडळींचा खरा जीव इथे अडकलेला असतो, म्हणून जरा थांबून सांगते.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे सरकारी विद्यापीठांची साखळी. तिने सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण बघणं बंद केलं आहे. आता अर्जदाराचं मूल्यमापन होतं ते त्याच्या शाळेच्या संदर्भात. तुमच्या शाळेत कोणते कठीण विषय उपलब्ध होते, त्यातले तुम्ही किती घेतले, आणि बरोबरच्या मुलांच्या तुलनेत कुठे आहात, हे बघतात. शिवाय एक नियम आहे: प्रत्येक सहभागी हायस्कूलमधल्या वरच्या ९ टक्क्यांत येणाऱ्या आणि किमान अटी पूर्ण करणाऱ्या मुलाला साखळीतल्या कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात जागेची हमी. बर्कलीची हमी नव्हे, जिथे जागा असेल तिथली. पण ९ टक्के हे राज्याचे नाहीत, शाळेचे.

म्हणजे विचार करा. जिथे प्रत्येक दुसरं मूल सगळे कठीण विषय घेऊन बसलंय तिथे वरच्या ९ टक्क्यांत येणं आणि मिश्र शाळेत येणं, यात केवढा फरक. भाऊ म्हणाला, "पण तिकडून बर्कलीला जास्त मुलं जातात." जातात. कोणत्या हायस्कूलमधून किती अर्ज आणि किती प्रवेश हे विद्यापीठ स्वतः प्रसिद्ध करतं, तेही बघा. पण तिथे पुन्हा संकलन केंद्राचं मशीन आठवा. जास्त मुलं जातात कारण तशी मुलं जास्त आहेत. तुमच्या एका मुलीची शक्यता त्याने वाढत नाही.

आणि एक गोष्ट पाचही शाळांना समान आहे: क्युपर्टिनोतलं डी अँझा कॉलेज. हायस्कूलचं मूल असताना तिथले वर्ग घेता येतात आणि शिकवणी शुल्क माफ असतं. शाळेत गणित संपलं तर पुढचं तिथे.

"काहीही असो, घराची किंमत तरी टिकेल"

भाड्याने राहणाऱ्याला हा मुद्दा नाही, विकत घेणाऱ्याला आहे. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या रेघेच्या दोन्ही बाजूंची घरं तपासली. वस्ती तीच, गाव तेच, फक्त प्राथमिक शाळा वेगळी. परीक्षेतल्या ५ टक्के जास्त गुणांसाठी लोक घराला सुमारे २.५ टक्के जास्त मोजत होते. पैसे लोक मोजतात हे खरं. पण ते मोजतात त्याच आकड्यासाठी, ज्यात शेजाऱ्यांच्या पदव्या मिसळलेल्या असतात.

शिवाय रेघ कायमची नसते. पट वाढला-घटला की डिस्ट्रिक्ट हद्दी फिरवू शकतो. याच डिस्ट्रिक्टने पट घटल्यावर सनीव्हेल हायस्कूल १९८१ मध्ये चक्क बंद केलं. आज पुन्हा पट घटतोय, आणि कारण मजेशीर आहे. जन्मदर कमी झाला हे एक. दुसरं म्हणजे चांगल्या शाळेमुळे घरं इतकी महागली की लहान मुलांची तरुण जोडपी तिथे येऊच शकत नाहीत. ज्यांची मुलं शिकून गेली ते आजी-आजोबा घर सोडत नाहीत, कारण १९७८ च्या प्रस्ताव १३ मुळे त्यांचा मालमत्ता कर जुन्या किमतीवर बांधलेला आहे आणि वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढतो. घर विकलं की ती सवलत एरवी जाते; पंचावन्नच्या पुढच्यांना मात्र २०२१ पासून ती काही अटींवर राज्यातल्या नव्या घराला नेता येते. मग शाळेच्या हद्दीत घरं भरलेली, वर्ग रिकामे. क्युपर्टिनोच्या प्राथमिक डिस्ट्रिक्टला २०२२ मध्ये काही शाळा बंद कराव्या लागल्या.

मग तुलना करायची तरी कशाची?

तुलना करूच नका असं मी म्हणत नाही. शाळाशाळांत फरक असतो, फक्त तो दहापैकी आकड्यात मावत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो टोकाचा विषय. नेहमीचे एपी विषय पाचही शाळांत मिळतात. पण संगणकाचा वरचा वर्ग, एखादी परकीय भाषा चौथ्या वर्षापर्यंत, संगीताचा खास वर्ग, हे तेव्हाच चालतात जेव्हा पुरेशी मुलं नाव देतात. मागणी नसेल तर वर्ग उघडत नाही. तुमच्या मुलीला सतार सोडून आता सेलो वाजवायचा असेल तर "गेल्या वर्षी हा वर्ग प्रत्यक्षात भरला का?" असं शाळेच्या कार्यालयाला विचारा. विषयपुस्तिकेत नाव असणं वेगळं आणि वर्ग भरणं वेगळं.

दुसरं, नव्याने आलेल्या मुलीला गणिताच्या कोणत्या पायरीवर बसवतील आणि चुकीची पायरी पडली तर बदलता येते का. भारतातून येणाऱ्यांचं निम्मं नववीचं वर्ष यातच जातं. समुपदेशकाशी याबद्दल आधी बोलून ठेवा.

तिसरं सांगितलं की लोक हसतात. मुलांनी चालवलेलं शाळेचं वर्तमानपत्र वाचा. मोंटा व्हिस्टाचं एल एस्तोके, लिनब्रुकचं एपिक, होमस्टेडचं एपिटाफ, क्युपर्टिनोचं प्रॉस्पेक्टर. कॅलिफोर्नियात या विद्यार्थी-पत्रकारांना कायद्याचं चांगलं संरक्षण आहे, त्यामुळे ती मुलं झोप, कॉपी, ताण, जेवणाची रांग, शिक्षक सोडून जाणं, सगळ्यावर मोकळेपणी लिहितात. गेल्या वर्षाचे चार-सहा अंक चाळले की शाळेत मुलं कशाबद्दल बोलतात ते समजतं. ते कुठल्याच रेटिंगमध्ये नसतं.

आणि सातशे डॉलर. वर्षाचे ८,४००, चार वर्षांचे ३३,६००. मी भावाला म्हटलं, हे पैसे पोरीच्या नावाने वेगळे ठेवलेस तर त्याचं काय काय होईल याचीही एक यादी कर, आणि मग दोन याद्या शेजारी ठेव. घर ऑफिसपासून किती लांब, संध्याकाळी सहाला तू घरी असशील की गाडीत, हेही त्यात धर. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बायकोशी बोलतो."

सही करण्याआधी

पत्त्यावर जाऊ नका. लिनब्रुकची इमारत क्युपर्टिनोत नाही, सॅन होजेत आहे. क्युपर्टिनो हायस्कूलमध्ये येणारी बरीच मुलं क्युपर्टिनोत राहतच नाहीत. "सनीव्हेल" लिहिलेलं घर होमस्टेडच्या हद्दीत असू शकतं, फ्रीमाँटच्या असू शकतं, आणि सनीव्हेलचा काही भाग तर या डिस्ट्रिक्टमध्येच नाही, तो सँटा क्लारा युनिफाइडमध्ये मोडतो. एजंट सांगतो ते, जाहिरातीत छापलेलं असतं ते, दोन्ही चुकू शकतं. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर घरक्रमांकासकट पत्ता टाकून शाळा बघा, त्यांच्या कार्यालयात फोन करून तेच पुन्हा विचारा, आणि मगच भाडेकरारावर सही करा.